पाच वितींचं दार

बारकीला एक टेबल हवं होतं. गोष्ट एवढीच होती, आणि एवढीच राहिली असती तर आज सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

टेबल हवं होतं ते कंपनीच्या नियमामुळे. बारकी एका गुंतवणूक कंपनीच्या शाखेत आतल्या खोलीत बसून लोकांचे अर्ज तपासत असे. सही आहे का, फोटो आहे का, फोटोतला माणूस सही करण्याइतका जागा दिसतो का. बाहेर काउंटरवर सल्लागार मंडळी ग्राहकांशी बोलायची, हसायची, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करायची. बारकीकडे मात्र भिंतीतल्या खिडकीतून फक्त कागद यायचे. शेवटी एक दिवस तिने मनाचा हिय्या केला आणि शाखेच्या मोठ्या मॅडमना सांगितलं, की मलाही सल्लागार व्हायचंय. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

अडचण नेमकी हीच होती. शेंडेफळ म्हणून घरात तिचं नाव बारकी पडलं होतं, आणि आवाजाने ते नाव मनावर घेतलं होतं. शाळेत हजेरीच्या वेळी ती वर्गात असूनही महिन्यातून दोनदा गैरहजर लागायची.

मॅडम मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी तिला सहा महिन्यांची मुदत दिली. घरून काम कर, ग्राहक तुझे तू मिळव, सहा महिन्यांनी मुख्य कचेरीतून तपासनीस येतील. त्यांनी बरा शेरा मारला तर तू सल्लागार, नाहीतर आतली खोली आहेच. नियम छापलेलेच होते. स्वतंत्र टेबल हवं, ग्राहकाला खुर्ची हवी, आणि ग्राहकाचं बोलणं तिसऱ्या माणसाच्या कानावर जाता कामा नये. शेवटच्या नियमाखाली मॅडमनी स्वतः रेघ मारली होती. "तुझ्या बाबतीत हा प्रश्न येणार नाही म्हणा," त्या म्हणाल्या. "तुझं बोलणं दुसऱ्याच्याच कानावर जात नाही."

पहिले दोन महिने बारकी जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात बसली. दुसऱ्या कोपऱ्यात बाबांचं वर्तमानपत्र आणि मधे आईची निवडायची भाजी. ग्राहक एकही आला नाही. नाही म्हणायला एक दूरचे मामा आले, त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि शेवटी, हल्ली तुमच्या भागात पाणी कसं येतं, असं विचारलं. त्या दिवसापासून बारकी घरातही बोलेनाशी झाली. एकदा जेवताना तिने ताटाकडे बघत सांगून टाकलं, की सोमवारी जाऊन मॅडमना सांगते, आतली खोलीच बरी. आईने भाकरी तव्यावर तशीच ठेवली. बाबा म्हणाले, "सोमवारचं सोमवारी बघू. आधी टेबल आणू. टेबलाशिवाय का कुणी सल्ला देतं?"

बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांच्या घरचे मीटर वाचून मोजमापाच्या सगळ्याच साधनांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. घरात मोजायची टेप होती, पण ती ते वापरत नसत. देवाने माणसाला हात दिलेत ते काय फक्त हलवायला, असं ते म्हणत आणि पडद्यापासून गादीपर्यंत सगळं वितीने मोजत. त्यांचा हात होता चांगला फावड्याएवढा.

दुसऱ्याच दिवशी बापलेक जुन्या फर्निचरच्या गोदामात गेली. तिथे कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतून आलेलं एक टेबल होतं. टेबल कसलं, एखादं लहान गाव वसवता आलं असतं त्याच्यावर. सागवानी, दोन्ही बाजूंना खण, वर हिरवं कापड, आणि सगळं एकसंध. ना पाय सुटे होत, ना फळी. बारकी त्याच्या मागच्या खुर्चीत जाऊन बसली. तेवढ्यात व्यापारी पावतीपुस्तक शोधून परत आला, इकडेतिकडे बघून बाबांना म्हणाला, "ताई गेल्या का?" टेबलावर फक्त बारकीचा भांग दिसत होता. बारकीला हसू फुटलं, आणि असं फुटलं की थांबेचना. कोपऱ्यातल्या कपाटांवरची कबुतरं उडाली.

बाबांनी लगेच वीत पसरली. टेबलाची अरुंदातली अरुंद बाजू भरली चार विती आणि चार बोटं. मग त्यांनी व्यापाऱ्याच्या फोनवरून घरी फोन लावला. घरचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीला होता. "अगं, आपलं दार किती विती आहे बघ," बाबा ओरडले. फोनवर ते नेहमी ओरडतच बोलत, अंतराचा हिशोब धरून. आणि तिकडून पटकन उत्तर आलं, "पाच."

"बघ," बाबा फोन ठेवत अभिमानाने म्हणाले, "विचारायचा अवकाश. अशी बायको मिळायला भाग्य लागतं."

हे वाक्य त्यांनी त्या दिवशी संध्याकाळी मागे घेतलं.

टेबल दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवायला चार हमाल लागले. वळणावर जिन्याच्या कठड्यात ते अडकलं, तिरकं केलं, उभं केलं, एका हमालाने त्याला काही खासगी शब्द ऐकवले, तेव्हा कुठे ते हललं आणि बारकीच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत येऊन बसलं. आता फक्त आत घ्यायचं होतं. टेबल चौकटीला लागलं आणि थांबलं. आडवं केलं, थांबलं. उलटं केलं, पाय आत गेले आणि पोट थांबलं. शेवटी बाबांनी चौकटीला वीत लावली. भरल्या चार. जेमतेम चार.

"अगं, पाच म्हणालीस ना?"

आई पदराला हात पुसत दारात उभी होती. "म्हणाले खरी," ती म्हणाली.

बाबांनी तिचा पंजा हातात घेतला, स्वतःच्या पंजाशेजारी धरला आणि तो जमलेल्या सगळ्या जिन्याला दाखवला. "ही बघा. हिची वीत म्हणजे माझी टीच. हिने आपल्या वितीने दार मोजलं, मी माझ्या वितीने टेबल. आता बोला." आई हात पुसतच राहिली. हमालांनी पैसे घेतले, चहा घेतला, आणि खाली न्यायचं असेल तर कठडा आधी तोडून ठेवा, आमची कंबर पुन्हा मिळायची नाही, असं सांगून निघून गेले. व्यापाऱ्याच्या पावतीवर, विकलेला माल परत घेतला जाणार नाही, हे वाक्य टेबलाच्या किमतीपेक्षा मोठ्या अक्षरात छापलेलं होतं.

आता असा प्रसंग म्हणजे इमारतीला मेजवानीच. तिसऱ्या मजल्यावरचे भूगोलाचे निवृत्त मास्तर खाली आले, त्यांनी टेबलाला एक प्रदक्षिणा घातली, म्हणजे तीन बाजूंनी घातली, चौथ्या बाजूला भिंत होती. टेबल वायव्येकडून फिरवून घातलं तर जाईल, असं त्यांचं मत पडलं. दार पूर्वेला होतं. तळमजल्याचे शिंपी म्हणाले, उन्हाळ्यात लाकूड फुगतं, थंडीपर्यंत थांबा. दुसरं कुणी म्हणालं, लाकूड उन्हाळ्यात आकसतं, उन्हाळ्यापर्यंत थांबा. करवतीने मधोमध कापा, असं सुचवणाऱ्याकडे बाबांनी असं पाहिलं की तो बिचारा नंतर आठवडाभर मागच्या जिन्याने येत-जात होता.

राहिला उपाय एकच, चौकट काढायची. त्यासाठी बाबा इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी नियमाचे पक्के. त्यांनी समजावून सांगितलं, की दार तुमचं, पण चौकट इमारतीची. दार तुम्ही आज काढा, उद्या लावा, कुणी विचारणार नाही. चौकटीला हात लावायचा तर अर्ज करावा लागेल, अर्ज वार्षिक सभेत ठेवावा लागेल, आणि सभा होऊन नुकताच पंधरवडा झालाय. जाताजाता त्यांनी बाबांच्या हातात एक नोटीसही ठेवली. सामायिक जागेत टेबल ठेवल्याबद्दल खुलासा करावा. बाबांनी विचारलं, टेबल आत न्यायला परवानगी देत नाही आणि बाहेर ठेवलं म्हणून नोटीस देता, मग मी ते ठेवू कुठे? सेक्रेटरी म्हणाले, "तो प्रश्न विषयपत्रिकेवर नाही."

त्या रात्री बारकी जेवली नाही. तिच्या एका टेबलापायी बाबांचं चारचौघांत हसं झालं होतं, आईची वीत जगजाहीर झाली होती, आणि सोमवार तर तोंडावर आलेला. सकाळी ती उठली, आणि निदान शेवटचं म्हणून बाहेर जाऊन त्या टेबलामागे बसली. खाली उशी घेतली, म्हणून चेहरा तरी वर आला. ती बसली होती रडायला. टेबल एवढं मोठं होतं की त्याच्याआड आरामात रडता आलं असतं.

पण रडायला सवडच मिळाली नाही. चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाई रात्रपाळी करून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढत आल्या, आणि समोर रिकामी खुर्ची दिसल्यावर धपकन बसल्या. "देव भलं करो गं तुझं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं या जिन्यात एक खुर्ची कुणाला सुचली नाही." दम खाऊन झाल्यावर त्या उगाच बसायचं कसं म्हणून म्हणाल्या, "बसलेच आहे तर सांग, ते दरमहा थोडं थोडं टाकायचं काय असतं?"

बारकी सांगायला लागली, तिच्या नेहमीच्या आवाजात. आणि गंमत अशी, की जेवणाच्या टेबलावर समोरच्यापर्यंत न पोचणारा तो आवाज जिन्याने उचलला, भिंतींवरून घुमवला आणि वरखाली सगळीकडे पोचता केला. तळमजल्यावरून शिंप्यांचं डोकं बाहेर आलं. "परत सांग गं बारके, मधेच काढले तर काय?" बारकीने परत सांगितलं. वरून मास्तरांनी एक शंका विचारली. तिने तीही फेडली. नर्सबाई उठल्या तेव्हा खुर्चीशेजारी दुसरं कुणीतरी टेकायची वाट बघत उभं होतं. सोमवारी बारकी मॅडमकडे गेली नाही.

पुढे ती जागाच झाली. बाजारातून येणारं माणूस तिथे टेकायचं, टेकलेलं माणूस काहीतरी विचारायचं, आणि विचारणाऱ्यांपैकी एखादा दुसऱ्या दिवशी कागदपत्रं घेऊन यायचा. पण एक भानगड होती. ज्या जिन्याने आवाज दिला, तो जिना कुणाचीच गोष्ट पोटात ठेवत नसे. नर्सबाईंनीच एकदा काहीतरी विचारायला तोंड उघडलं, वर बघितलं, तोंड मिटलं आणि डोळे भरून आले. बारकी आत गेली आणि माळ्यावरची तिची शाळेतली पाटी घेऊन आली. नर्सबाईंनी पाटीवर लिहिलं, बारकीने वाचलं, खाली उत्तर लिहिलं, नर्सबाईंनी वाचलं आणि ओल्या फडक्याने पाटी स्वच्छ पुसली. मधल्या वेळात दोघी मोठ्याने हवेतल्या उकाड्याबद्दल बोलत होत्या. तेव्हापासून तोच रिवाज पडला. माहितीचं असेल ते जिन्याला, खासगी असेल ते पाटीला.

आणि एक दिवस तपासनीस आले. गोल, घामेजलेले, गुडघे धरून चढणारे गृहस्थ. टेबलापाशी येऊन त्यांनी श्वास घेतला आणि विचारलं, "सल्लागारबाईंचं ऑफिस कुठे आहे?"

"हेच," बारकी म्हणाली.

तपासनीसांनी टेबल पाहिलं, जिना पाहिला, मग उघडं दार पाहिलं. "हे दार कुणाचं?"

"आमच्या घराचं."

"मग टेबल आत का नाही?"

बाबा दारातच उभे होते. "हिच्या वितीमुळे," ते म्हणाले. आईने निमूटपणे पाण्याचा पेला पुढे केला.

तपासनीस पाणी प्यायले, त्यांनी छापील कागद काढला आणि एकेक रकाना भरायला घेतला. टेबल, आहे. खुर्ची, आहे. ग्राहक, त्यांनी यादी बघितली आणि भुवया वर केल्या, म्हणजे बरेच आहेत. मग त्यांचं बोट शेवटच्या नियमावर आलं. त्यांनी मान वर केली. वरच्या कठड्यावर डोकी, त्याच्या वरच्या कठड्यावर डोकी, खाली शिंप्यांचं डोकं, गळ्यात टेप. "तिसऱ्या माणसाच्या कानावर जाता कामा नये, असा नियम आहे," ते खेदाने म्हणाले. "इथे तर सगळी इमारतच तिसरी आहे." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

बारकीच्या डोळ्यांसमोर भिंतीतली ती खिडकी आली. खिडकीतून येणारे कागद आले. तिने पाटीबद्दल सांगायला तोंड उघडलं, पण इतक्या महिन्यांत कमावलेला आवाज नेमका तेव्हाच दगा देऊन बसला.

तेवढ्यात वरून काठी आपटत मास्तर उतरले, आणि त्यांच्यामागे नोटिशीची फाइल घेऊन सेक्रेटरी. "साहेब मुख्य कचेरीचे ना? आधी माझी तक्रार लिहून घ्या," मास्तर म्हणाले. बाबांनी डोळे मिटले.

"इथे रोज संध्याकाळी माणसं येतात," मास्तर म्हणाले. "बसतात. पाटीवर काहीतरी खरडतात, ही वाचते, पुसून टाकते. तोंडाने बोलायचं ते हवापाण्याचं. कुणी किती गुंतवले, मुलीच्या शिक्षणाला की जावयाच्या धंद्याला, काही म्हणजे काही कळायला मार्ग नाही. मी वरच्या पायरीवर उशी घेऊन बसतो. कानाला यंत्र लावून बसतो. इतक्या महिन्यांत एक आकडा कानावर पडला असेल तर शपथ. एका जिन्यात राहायचं आणि एकमेकांचं काही कळू द्यायचं नाही, ही काय पद्धत झाली?"

 तपासनीसांचं पेन हवेतच होतं. "तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?"

"काहीच नाही. ह्या सेक्रेटरींना विचारा, ते तर माझ्या शेजारीच असतात."

सेक्रेटरींनी घसा खाकरला आणि नियमाला धरून मान डोलावली.

"हे लेखी द्याल?"

"लेखी देतो, सहीनिशी देतो," मास्तर त्वेषाने म्हणाले आणि बारकीच्याच टेबलावर, बारकीच्याच पेनाने त्यांनी पानभर तक्रार लिहिली. सेक्रेटरींनी साक्षीदार म्हणून सही केली. तपासनीसांनी तो कागद जपून आपल्या छापील कागदाला टाचला आणि गोपनीयतेच्या रकान्यात लिहिलं, उत्तम, पुरावा सोबत. मास्तरांना काय झालं ते कळायला पुढचा आठवडा लागला. कळल्यावर मात्र, या मुलीची नोकरी माझ्या एका अर्जाने पक्की झाली, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

सगळं आटोपल्यावर तपासनीस क्षणभर घुटमळले. मग खुर्चीत बसले, पाटी पुढे ओढली आणि तळहाताच्या आडोशाने काहीतरी लिहिलं. बारकीने वाचलं, विचार केला, खाली बरंच काही लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पाटी आपल्याच रुमालाने पुसली. त्यांनी काय विचारलं होतं हे बारकीने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे मलाही सांगता येत नाही.

पुढच्या वार्षिक सभेत चौकट काढायची परवानगी एकमताने मिळाली, आणि त्याच सभेत ती काढू नये असा ठरावही एकमताने झाला. टेबल आत गेलं तर पिशव्या घेऊन टेकायचं कुठे, असा नर्सबाईंचा सवाल होता. टेबल कितीतरी वर्षं तिथेच राहिलं. बारकीला खालच्या रस्त्यावर स्वतःचं ऑफिस मिळालं तेव्हा लोकांनी आपण होऊन कठडा काढून दिला, आणि टेबल गेल्यावर तिथून जाणारा प्रत्येक जण बरेच दिवस सवयीने अंग चोरूनच जात होता.

आता बारकीच्या ऑफिसला काचेचं दुहेरी दार आहे. हाताखाली माणसं आहेत, त्यातली काही तिला घाबरतात म्हणे. टेबल तेच आहे, पाटी खणात आहे. बाबा मात्र नाहीत. घरी कुणी पाहुणा आला की ते अखेरपर्यंत आईचा हात धरून दाखवायचे, "ही बघा वीत." आई हात देऊन टाकायची आणि दुसऱ्या हाताने चहा ढवळत राहायची.

गेल्या महिन्यात आई कायमची बारकीकडे राहायला आली. जुनं घर आवरायला दोघी गेल्या होत्या. सामान निघालं होतं, भिंतींवर चित्रांच्या जागा तेवढ्या उजळ राहिल्या होत्या. स्वयंपाकघरातला तो जुना फोन काढायचा राहिला होता. बारकीने रिसीव्हर उचलून वायर ताणली, उगाच, लहानपणी ताणायची तशी. वायर मोरीपर्यंत आली. ओट्यापर्यंत आली. बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्याशीही पोचली नाही.

बारकी वायर हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आई, बाबा त्या दिवशी म्हणाले होते, विचारायचा अवकाश आणि उत्तर आलं. तू फोन ठेवून दारापर्यंत गेली कधी होतीस?"

आई डबे पुसत होती. "कोण जातंय," ती म्हणाली. "हात साबणाचे होते माझे."

"मग पाच कुठून आणलंस?"

"फोनवर मागून तुझं हसू ऐकू येत होतं. कितीतरी दिवस घरात तोंडातून शब्द नव्हता तुझ्या." आईने डब्याचं झाकण लावून बघितलं. "मला काय ठाऊक ते केवढं धूड असेल. लहान आकडा सांगितला तर हे नाही बसत म्हणून सोडून येतील, आणि तू सोमवारी त्या आतल्या खोलीत जाऊन बसशील. म्हणून मोठा सांगितला."

"आणि बाबा जन्मभर तुझ्या वितीला हसत राहिले ते?"

"हसू देत. त्यांना बरं वाटायचं."

बारकीने हातातली वायर सोडली. ती बाहेरच्या खोलीत गेली, दारात उभी राहिली आणि चौकटीच्या एका कडेला आपला अंगठा टेकवून वीत पसरली. तिचा हात आईसारखाच, लहानसा. या कडेपासून त्या कडेपर्यंत तिने सावकाश मोजलं, मग परत एकदा मोजलं. दोन्ही वेळा सहा भरल्या, काही केल्या पाच होईनात.

"किती भरल्या गं?" आतून आईने विचारलं.

"पाच," बारकी म्हणाली, आणि रिकाम्या जिन्याने ते तळमजल्यापर्यंत नेऊन पोचवलं.